चार कपाटांतला एक रक्तगट

ग्रंथपालाच्या नोकरीत बावीस वर्षे काढल्यावर माणूस विषयांकडे क्रमांकांतूनच पाहू लागतो. दादरच्या आमच्या संकुलात विज्ञान आणि विधी अशी दोन महाविद्यालये असली तरी ग्रंथालय एकच आहे, आणि तेथील पुस्तके ड्युई दशांश वर्गीकरणाप्रमाणे लावलेली आहेत: कायदा ३४०, विज्ञान ५००, तंत्रज्ञान ६००, वैद्यक ६१०. ड्युईने १८७६ साली वैद्यकाला ‘उपयुक्त कलां’च्या पोटात घातले आणि पुढे त्याच वर्गाला तंत्रज्ञान म्हणू लागले. ही गोष्ट मी आजवर ज्या ज्या डॉक्टरांना सांगितली, त्यांपैकी एकालाही ती फारशी आवडलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात विधी शाखेची एक विद्यार्थिनी मूट कोर्टच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या, तयारीसाठी आली. स्पर्धेसाठी दिलेला कल्पित दावा असा होता: नवऱ्याचा रक्तगट ओ, बायकोचाही ओ, मुलाचा मात्र ए, नवरा मुलाची पोटगी नाकारतो आणि पुरावा म्हणून रक्तगटाचे अहवाल पुढे करतो. ‘‘सर, दोघेही ओ असतील तर मूल ए होत नाही, विज्ञानाच्या बाजूने यात वाद घालण्यासारखं काहीच नाही, मला फक्त पुरावा कायद्याची पुस्तकं द्या,’’ असे ती म्हणाली. मी तिला आधी शरीरक्रियाशास्त्राच्या, म्हणजे ६१२ च्या कपाटाकडे नेले, कारण तिच्या दाव्यातली खरी गोम आमच्या ग्रंथालयापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, परळला सापडलेली होती.

डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ ठरत होते, परंतु त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या, आणि ओ रक्त सर्वांना चालते या समजुतीलाच त्यामुळे तडा जात होता. या निबंधावर परळच्या डॉक्टरांबरोबर लंडनमधील रेस आणि सँगर या रक्तगटतज्ज्ञांची व मॉर्गन आणि वॉटकिन्स या जीवरसायनशास्त्रज्ञांचीही नावे आहेत. आपल्या शहराच्या नावाने जगभर ओळखला जाणारा ‘बॉम्बे रक्तगट’ तो हाच. शहराचे नाव बदलून मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र बदलले नाही.

यातली तांत्रिक बाजू मला स्वतःला पुस्तकातून नव्हे, तर गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिरात उमगली होती. तंत्रज्ञ ताईंनी पांढऱ्या टाइलवर माझ्या रक्ताचे तीन थेंब ठेवले. एकावर ए ओळखणारा निळा द्रव टाकला, दुसऱ्यावर बी ओळखणारा पिवळा, तिसऱ्यावर रंगहीन, आणि काडीने ढवळून टाइल हलकेच डोलवली. निळ्याखालचा थेंब गुळगुळीत राहिला, पिवळ्याखाली मात्र काही क्षणांतच बारीक रव्यासारखे लाल कण दिसू लागले, म्हणजे मी बी गटाचा. बॉम्बे गटाच्या व्यक्तीच्या बाबतीत निळा आणि पिवळा हे दोन्ही थेंब गुळगुळीतच राहतात आणि कार्डावर निःशंकपणे ‘ओ’ लिहिले जाते. चूक पकडायची असेल, तर उलट तपासणी करून त्या व्यक्तीचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहावा लागतो.

कारण असे, की लाल पेशींवरील ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे रक्तगट ठरवणाऱ्या खुणा, अधांतरी बसत नाहीत. त्यांच्याखाली एच नावाचा पाया असतो आणि त्यावर शर्करेचा एकेक रेणू जोडला की ए किंवा बी तयार होतो. एच घडवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. आईवडील दोघांकडूनही त्याची निकामी प्रत मिळाली, तर पायाच उभा राहत नाही. मग ए घडवणारे जनुक अंगात असूनही त्याला काम उरत नाही आणि अहवालात ओ येतो. पुढे अशा पुरुषाच्या मुलाला वडिलांकडून ए आणि आईकडून धडधाकट एच मिळाले, की मूल निर्विवादपणे ए गटाचे निघते. भारतात अशी व्यक्ती साधारण दहा हजारांत एक असते. विद्यार्थिनीने दोन्ही हातांनी वही मिटली. तिचा ‘वाद घालण्यासारखं काहीच नाही’ असा दावा तेवढ्यात उलटला होता.

पण मला खरी गंमत वाटते ती यापुढच्या टप्प्यात. पुरावा कायद्याचे कलम ११२ हे १८७२ चे, म्हणजे लँडस्टायनरने रक्तगट शोधले त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचे. आज तेच थोड्याफार फरकाने भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ आहे. वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल औरस आहे याचा तो जन्मच ‘निर्णायक पुरावा’ मानावा, पतिपत्नींना एकमेकांचा सहवास शक्यच नव्हता एवढे सिद्ध झाले तरच अपवाद करावा, असे ते सांगते. पोटगी टाळू पाहणाऱ्या एका पतीने रक्तगट चाचणीची मागणी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली अशी चाचणी सर्रास फर्मावता येणार नाही असे बजावले. पुढे २०१४ साली नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका अपिलात, डीएनए चाचणी आधीच झालेली असताना, कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञानाने दाखवलेले सत्य वरचढ ठरेल असेही त्याच न्यायालयाने म्हटले. आणि २०२३ मध्ये पुन्हा, नवराबायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट करू नये असा निर्वाळा दिला. विज्ञानाचे विद्यार्थी हे वाचून कायद्याला मागासलेला म्हणतात. मला ते पटत नाही. प्रयोगशाळा हे रक्त कोणाचे असे विचारते, तर कलम ११२ या पोराला वाऱ्यावर सोडायचे का असे विचारते. दोघांचे ‘निर्णायक’ वेगळे आहे, आणि ते तसे का आहे हे समजून घ्यायला दोन्ही कपाटे उघडावी लागतात.

वैद्यकाची अडचण याहूनही तातडीची असते. बॉम्बे गटाच्या रुग्णाला साधे ओ रक्त दिले तर जीवावर बेतू शकते, त्याला त्याच गटाचे रक्त हवे, आणि पिशवीतल्या लाल पेशी साठवणीच्या द्रवाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. ग्लिसरॉल मिसळून उणे ६५ अंशांखाली गोठवल्या तर दहा वर्षेही राहतात, पण वितळवून धुतल्यावर चोवीस तासांत वापराव्या लागतात. म्हणून अशा दात्यांची नोंद ठेवणे हेच मुख्य काम ठरते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेची सुरुवात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली. २०१६ पासून रक्तपेढ्यांतील साठा ‘ई-रक्तकोष’ या संकेतस्थळावर पाहता येतो. आणि तरीही मध्यरात्री व्हॉट्सॲपवर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप तातडीने हवा’ असे संदेश फिरतातच, त्यांतले काही तर रुग्ण बरा होऊन घरी गेल्यानंतरही महिनोन्‌महिने फिरत राहतात. शिवाय १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या दृष्टीने रक्त हे औषधच असल्यामुळे ते साठवायला आणि द्यायला परवाना लागतो.

‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द अलीकडे प्रत्येक संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या पानावर दिसतो आणि बहुतेकदा तिथेच संपतो. दोन विभागांचे प्रमुख एका अर्जावर सह्या करतात आणि आपापल्या मजल्यावर परततात. १९५२ च्या त्या निबंधात हा शब्द असण्याचे कारणच नव्हते. परळच्या डॉक्टरांपुढे एक न जुळणारे रक्त होते आणि ते का जुळत नाही हे एकट्याने कळेना, म्हणून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांना हाताशी धरले. विद्यापीठाच्या ज्ञानशाखांची रुंदी मी तरी अशाच एखाद्या अडलेल्या प्रश्नावरून मोजतो.

मूट कोर्टात तिचा संघ दुसऱ्या फेरीत बाद झाला. न्यायाधीशांनी बॉम्बे गटाचा मुद्दा वाखाणला, पण कलम ११२ मुळे तो मांडण्याची गरजच नव्हती, असेही सुनावले. परवा ती पुन्हा आली. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची नावे आणि फोन नंबर असे संदेशांतून फिरवणे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बसते का, यावर तिला प्रकल्प करायचा आहे. त्या कायद्यावरचे भाष्य आमच्याकडे नाही. मी खरेदीच्या यादीत ते घातले आहे. आमच्या शिपाई मामांनी ते कायद्यात लावायचे की संगणकात असे विचारले, तेव्हा आधी येऊ तर द्या, असे सांगून मी वेळ मारून नेली.