तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा नाही हो, नऊ वॉटचा बल्ब

दिवाळीच्या आधी महिनाभर मला एकच मेसेज येत राहतो, ताई कॅमेरा कुठला वापरता? आमची मावशी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते आणि त्याचे फोटो मी काढते, माझी फोटोग्राफी ती एवढीच, आणि कॅमेरा म्हणजे चार वर्षं जुना फोन, ज्याच्या स्क्रीनला कोपऱ्यात तडा गेलाय. हे सांगितलं की लोकांना वाटतं ही काहीतरी लपवतेय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. जे काय गुपित आहे ते बल्बचं आहे, नऊ वॉटचा साधा एलईडी, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला.

आता सगळे सांगतात खिडकीशी जाऊन काढ, दिवसाच्या उजेडासारखं काही नाही. खरंय. पण आमचं घर डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर, खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत, आणि मी सकाळी आठच्या आत लोकल पकडते ती रात्री आठला घरात पाय टाकते. उजेड माझ्या वाट्याला रविवारी येतो. चकली काय रविवारपर्यंत खुसखुशीत राहायला थांबत नाही, आणि राहिली तरी घरातले ठेवत नाहीत.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात, उजेड कमी पडतोय ना, मग अजून लावा. हॉलची ट्यूब, किचनचा पिवळा बल्ब, वरून फोनचा फ्लॅश. फोटो असा आला की चकली एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने हळद लावल्यासारखी. तेव्हा कळलं नाही, नंतर बल्बच्या खोक्यावर वाचलं, पिवळ्यावर २७०० के लिहिलेलं आणि पांढऱ्यावर ६५०० के. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा. आपले डोळे दोन्ही उजेड सांभाळून घेतात, फोनला ते जमत नाही, तो एका वेळी एकच रंग दुरुस्त करतो, एकाला सुधारायला गेला की दुसरा बिघडतो. मग मी रिंग लाइट घेतला, म्हणजे गोल कड्यासारखा दिवा, हजार रुपये घालवले. त्याने चपटे फोटो आले आणि स्टीलच्या प्रत्येक वाटीत एक पांढरी बांगडी. तो आता भाच्याकडे आहे, रील्स करतो तो त्याच्यावर, चेहऱ्याला बरा आहे.

खरा फरक पडला तो एकदा ट्यूब गेली तेव्हा. ऑर्डर घ्यायची होती, फोटो तर हवाच, म्हणून अभ्यासाचा जुना टेबल लॅम्प, तोच नऊ वॉटचा बल्ब लावलेला, ओट्यावर ठेवला, ताटाच्या मागे डावीकडे, म्हणजे ताट घड्याळ धरलं तर साधारण दहाच्या आकड्यावर. आणि चकलीचे काटे दिसले हो! एकेक काटा. संध्याकाळचं ऊन शेतावर आडवं पडलं की ढेकूळन् ढेकूळ उठून दिसतं ना, तसंच. ट्यूब आपल्या डोक्यावर असते किंवा पाठीमागे भिंतीवर, तिचा उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि सावलीच उरत नाही, अनारशाची जाळी, खसखस, शेवेचा गुंता हे सगळं सावलीमुळे तर दिसतं. म्हणून पहिलं काम, घरातले बाकीचे सगळे दिवे बंद. यावर आमच्याकडे रोज भांडण होतं, बाबा हॉलमधून ओरडतात की वीज गेली का.

नुसता बल्ब मात्र टोचतो, सावल्या सुरीने कापल्यासारख्या येतात. त्याचं कारण वॉट नाही, आकार. उजेड देणारी वस्तू पदार्थाच्या मानाने जेवढी मोठी दिसेल तेवढी सावली मऊ. म्हणून बल्ब आणि ताट यांच्यामध्ये मी बटर पेपर लावते, जुन्या फोटोफ्रेमची काच काढून त्यात ताणून चिकटवलाय, कधी घाई असली तर बाबांचा पांढरा पंचा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकते. आता बल्ब एवढासा राहिला नाही, तो अख्खा पंचा दिवा झाला. एलईडी फार तापत नाही म्हणून हे चालतं, तरी कागद बल्बला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा, आणि हॅलोजनपुढे तर कागद-कापड आणूच नका.

समोरच्या बाजूला, उजवीकडे, थर्माकोल उभा करायचा. त्याने उजेड परत ताटावर येतो आणि अंधारी बाजू थोडी उघडते. (थर्माकोलच्या सजावटीवर आपल्याकडे २०१८ मध्ये बंदी आली, त्यामुळे विकत आणायला जाऊ नका, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला तुकडा कोणाच्या तरी माळ्यावर असतोच. नाहीतर पांढरा कार्डशीट.) मिसळ असेल तर मी तोही काढून टाकते, तर्री थोडी अंधारातच बरी दिसते असं माझं मत.

आता अंतराचं. हे मला शाळेत शिकवलेलं आणि मी पाठ करून विसरलेले, अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. बल्ब ताटापासून फूटभर आणि मागची भिंत बल्बपासून चार फूट, तर भिंतीवर ताटाच्या सोळावा हिस्सा उजेड. म्हणजे मिक्सर, मसाल्याचे डबे, ओट्यावरचा पसारा, सगळं आपोआप काळोखात जातं! लोक विचारतात मागे काळा पडदा लावता का, कसला पडदा, तिथे कणकेची परात पडलेली असते. फक्त फोन आगाऊपणा करून सगळं उजळवायला बघतो, तेव्हा स्क्रीनवर पदार्थावर बोट टेकवायचं आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढायचं.

स्टीलची भांडी हा मात्र वेगळा छळ आहे. पहिल्या वर्षी मावशीने लाडवांचा डबा पाठवला होता, फोटो मस्त आला, स्टेटसला टाकला आणि अर्ध्या तासाने बहिणीचा फोन, डब्यावर तू गाऊनमध्ये दिसतेयस. स्टील म्हणजे आरसाच, त्याच्यावर तुम्ही किती उजेड टाकताय त्याने काही होत नाही, त्याच्यासमोर काय उभं आहे तेच त्याच्यात दिसतं. त्याला पांढरं दाखवायचं असेल तर समोर पांढरं काहीतरी धरा, पंचा पुढे सरकवा आणि आपण त्याच्या आडून फोटो घ्या. पितळी भांड्यालाही हेच.

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप. बहुतेकांवर ८० लिहिलेलं असतं, ९०च्या वर मिळाला तर घ्याच, थोडा महाग पडतो. कमीवाल्यात लाल रंग मरतो, सोलकढी राखेसारखी दिसते आणि ते नंतर एडिट करून धड होत नाही, मी रात्री एकपर्यंत बसून पाहिलंय. आणि फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो फोनचा दोष नाही, आपली वीज ५० सायकलची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होणारी, काही स्वस्त एलईडी त्यामुळे पुढे एकदा आणि मागे एकदा असे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. दुकानातच बल्ब लावायला सांगून त्याच्यासमोर पेन भराभर हलवा, पेनाच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर परत द्या. घेऊन बसलाच असाल तर फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद करा आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवा, माझा गव्हाच्या डब्याला टेकलेला असतो.

गुलाबजामचं मला अजून जमलेलं नाही. पाकावर बटर पेपरच्या फ्रेमचा चौकोन उमटतो, सहा गुलाबजाम असले की सहा चौकोन, बल्ब कुठेही सरकवा. मावशीला दाखवलं तर ती म्हणाली, असू दे गं, लोकांना वाटेल पाक चमकतोय.