बोटीवरची फिलिपिनो : इंग्रजीतून नको, मराठीतून शिका

रत्नागिरी, गुहागर, दापोली, श्रीवर्धनकडची मुलं बोटीवर जातात तेव्हा मेसरूममध्ये (जेवणाच्या खोलीत) शेजारी अनेकदा फिलिपिनो माणूस बसलेला असतो. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिटर, चीफ कुक, मेसमन (जेवण वाढणारा), कुणीही. सहा-नऊ महिने त्याच्यासोबत जेवायचं असतं, म्हणून त्याच्या फिलिपिनो भाषेतले दोनशे शब्द तरी यायला हवेत. मात्र बहुतेक जण इंग्रजी पुस्तक किंवा ॲप घेऊन बसतात आणि नको तिथे अडतात. मराठी माणसाकडे या भाषेच्या अर्ध्या चाव्या आधीच आहेत.

सगळ्यात मोठी चावी म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. फिलिपिनोत ‘कामी’ म्हणजे आम्ही (तू सोडून) आणि ‘तायो’ म्हणजे आपण (तुझ्यासकट). ‘काइन तायो’ म्हणजे ‘चला, जेवूया’. ‘कामी’ वापरलात तर समोरच्याला ताटावरून उठवल्यासारखं होतं. आमचं आणि आपलं यांचाही असाच फरक आहे : ‘नामिन’ आणि ‘नातिन’.

दुसरी चावी नकाराची. आपल्याकडे नाही, नव्हे, नको, नकोस असे चार रंग आहेत आणि त्यांच्याकडेही आहेत. भाताचंच उदाहरण घ्या. ‘वालाङ कानिन’ म्हणजे भात नाही, संपला. ‘हिन्दी’ कानिन’ म्हणजे हा भात नव्हे. ‘आयोको नङ कानिन’ म्हणजे मला भात नको. ‘हुवाग काङ कुमाइन नङ कानिन’ म्हणजे भात खाऊ नकोस. इंग्रजीतून शिकलेला माणूस चारही ठिकाणी ‘हिन्दी’’च लावतो आणि कुकला कळत नाही की भात संपलाय की याला नकोय. (हा ‘हिन्दी’ भाषेचा नव्हे, नकाराचा शब्द आहे, हे सुरुवातीलाच डोक्यात पक्कं करा.)

तिसरी चावी ‘म्हणे’. ‘दाऊ’ हा छोटा शब्द नेमकं तेच काम करतो, ऐकीव गोष्ट सांगताना लागतो. व्यंजनानंतर ‘दाऊ’, स्वरानंतर ‘राऊ’. ‘सुद्धा’साठी असेच ‘दिन’ आणि ‘रिन’.

आता उच्चार. इथे कानाने काम करायचं आहे. त आणि द मराठीसारखे दाताला जीभ लावून म्हणा. इंग्रजीची सवय लागलेले ट, ड म्हणतात आणि ते लगेच परकं वाटतं. ‘ङ’ हे अक्षर आपण वाङ्मय या शब्दात वापरतो. त्यांच्याकडे ते शब्दाच्या सुरुवातीलाही येतं : ‘ङायोन’ (आता), ‘ङिपिन’ (दात). सराव असा करा : ‘अंगण’ म्हणताना ‘ग’ येण्याआधीच थांबा, जीभ जिथे थांबली तो ङ. तिथूनच ‘आ’ म्हणा. लिहिताना ‘म’ आणि ‘ग’ दिसतात तो अनेकवचनाचा शब्द ‘मङा’ असा वाचायचा, ‘मगा’ नव्हे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आघात (कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते) आणि शब्दाच्या शेवटी घशात येणारा झटका. वहीत रोमनमध्ये लिहू नका, कारण छापील रोमनमध्ये आघात सहसा दाखवत नाहीत. देवनागरीत लिहा, ज्या अक्षरावर आघात आहे त्यापुढे ऽ काढा आणि झटक्यासाठी शेवटी वर स्वल्पविराम द्या. मग हे फरक डोळ्यांना दिसतात : ‘बूऽकास’ म्हणजे उद्या, ‘बुकाऽस’ म्हणजे उघडं. ‘गाबीऽ’ म्हणजे रात्र, ‘गाऽबी’ म्हणजे अळू. ‘मागान्दाङ गाबीऽ’ ही शुभरात्री आहे, आघात पहिल्या अक्षरावर गेला तर ते ‘सुंदर अळू’ होतं. ‘बाऽका’ म्हणजे गाय किंवा गोमांस, ‘बाकाऽ’’ म्हणजे कदाचित. आणि जेवणाच्या टेबलावर सर्वांत आधी लागणारी जोडी : ‘सूऽका’’, शेवटी घसा बंद, म्हणजे शिरका (व्हिनेगर). झटका विसरलात तर ‘सूऽका’ म्हणजे ओकारी. आपल्या ‘सुका’ शब्दाशी दोन्हींचा संबंध नाही. वाळवलेली मासळी तिकडे ‘तुयोऽ’’.

मासे आणि भात यांत कोकणी माणसाला परकं काहीच वाटत नाही. शेतातलं भात ‘पालाय’, तांदूळ ‘बिगास’, शिजलेला भात ‘कानिन’, शिळा गार भात ‘कानिङ-लामिग’, भांड्याला करपून चिकटलेला ‘तुतोङ’. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना एकच शब्द पुरतो, म्हणून इंग्रजीतून शिकणारा इथे चाचपडतो. भातासोबत जे काही असेल ते ‘उलाम’, म्हणजे आपलं कालवण किंवा तोंडीलावणं. शहाळं ‘बूको’, पिकलेला नारळ ‘न्योग’, नारळाचं दूध ‘गाता’’. कोळंबी ‘हीपोन’, माकूल ‘पुसित’, कालवं ‘तालाबा’, बांगडा ‘आलुमाहान’. जवळा ‘आलामाङ’, पण तो आपल्यासारखा नुसता सुकवत नाहीत, मिठात आंबवून ‘बागोओङ’ करतात. बाटली उघडल्यावर वास येतो म्हणून नाक मुरडू नका. नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवलेलं ‘लाइङ’ फिलिपिन्सच्या बिकोल भागातलं आहे. आपल्या फदफद्याची सवय असलेल्याला त्याची गोडी लगेच लागेल. ‘सिनिगाङ’ म्हणजे चिंच (सामपालोक) किंवा बिंबलं (कामियास) घालून केलेलं आंबट सार.

डुक्कर किंवा गाय न खाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पाठ करायची दोन वाक्यं. ‘मे बाबोय बा इतो?’ म्हणजे यात डुकराचं मांस आहे का? ‘हिन्दी’ आको कुमाकाइन नङ बाबोय’ म्हणजे मी डुक्कर खात नाही. गाईसाठी ‘बाबोय’च्या जागी ‘बाऽका’. ‘गूलाय’ (भाजी) म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. भाजीत मांसाचे बारीक तुकडे किंवा बागोओङ घालायची पद्धत आहे, त्यामुळे प्रत्येक पदार्थासाठी विचारायचं. कोंबडी ‘मानोक’, अंडं ‘इतलोग’.

मान देण्याची पद्धत. आपण ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ वापरतो, ते ‘पो’ लावतात आणि ‘का’ (तू) ऐवजी ‘कायो’ (तुम्ही) म्हणतात. पो पहिल्या शब्दाला चिकटून येतो : ‘सालामात पो’ (धन्यवाद), ‘हिन्दी’ पो’ (नाही), ‘कुमुस्ता पो कायो?’ (कसे आहात?) मोठ्या माणसाला होय म्हणताना ‘ओपो’, बरोबरीच्याला ‘ओओ’. वयाने मोठ्या खलाशाला ‘कूया’ (दादा), स्त्रीला ‘आते’ (ताई). समवयस्काला सारखं पो-पो करू नका, त्याला तुम्ही अंतर ठेवताय असं वाटतं. काही मागताना क्रियापदाआधी ‘पाकि’ लावा : ‘पाकिआबोत पो नङ आसिन’ म्हणजे जरा मीठ द्याल का?

वाक्याची रचना मात्र मराठीच्या उलट आहे. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं सुरुवातीला. ‘काइन’ (खाणे) वरून ‘कुमाइन’ खाल्लं, ‘कुमाकाइन’ खातोय, ‘काकाइन’ खाणार. पहिलं अक्षर दोनदा आलं की काम चालू आहे किंवा व्हायचं आहे. गावात रस्त्यात भेटल्यावर ‘जेवलास?’ विचारतो, तसंच तेही विचारतात : ‘कुमाइन का ना बा?’ यात ‘ना’ म्हणजे आता, झालं, आणि ‘बा’ म्हणजे का. तुकड्यांचा क्रम ठरलेला आहे : एका अक्षराचा ‘का’ आधी, मग ‘ना’, मग ‘बा’. पण ‘कायो’ दोन अक्षरांचा असल्यामुळे तो मागे जातो : ‘कुमाइन ना बा कायो?’ नवशिक्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते. नियम घोकू नका, ही दोन्ही वाक्यं वीस-वीस वेळा मोठ्याने म्हणा, बाकीची आपोआप त्याच साच्यात बसतात. अजून जेवलो नाही असेल तर ‘हिन्दी’ पा’, पोट भरलं असेल तर ‘बुसोग ना आको’.

आकडे दोन संच. वस्तू मोजताना इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा, आनिम, पितो, वालो, सियाम, साम्पु. वेळ सांगताना स्पॅनिश : ‘आलास कुवात्रो’ चार, ‘आलास ओत्सो’ आठ, ‘आलास दोसे’ बारा. वॉच (कामाची पाळी) बदलायच्या या तीन वेळा आधी पाठ करा. स्पेनची सत्ता तिथे 1565 पासून 1898 पर्यंत होती. चौल-वसईच्या पोर्तुगिजांनी आपल्याला दिलेले शब्द त्यांच्याकडे स्पॅनिशमधून गेले आहेत : बादली ‘बाल्दे’, सपाता ‘सापातोस’, बिजागरी ‘बिसाग्रा’. संस्कृतातून गेलेलेही सापडतात : शिक्षक ‘गुरो’, चेहरा ‘मुकहा’’, परी ‘दिवाता’.

कामाच्या वेळी बोट चालवणाऱ्या आज्ञा इंग्रजीतच द्या आणि घ्या. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरवलेली प्रमाण वाक्यं आहेत. ब्रिजवर (जहाज चालवतात तिथे) फिलिपिनोची हौस नको. मात्र डेकवर कुणी ओरडलं तर कळायला हवं असे शब्द आहेत : ‘ताबी!’ बाजूला हो, ‘इङात!’ सांभाळ, ‘तेका!’ थांब, ‘मादुलास’ निसरडं, ‘माइनित’ गरम, ‘माबिगात’ जड, ‘सिरा’’ बिघडलंय, ‘तूलोङ!’ मदत. दोर ‘लूबिद’. हवेत ‘हाबागात’ म्हणजे नैऋत्य मोसमी वारा, ज्याच्यामुळे 1 जूनला आपल्या होड्या किनाऱ्याला लावतो तोच. ‘बाग्यो’ म्हणजे चक्रीवादळ.

साइन ऑन करण्याआधी (बोटीवर रुजू होण्याआधी) महिनाभर रोज आठ शब्द घ्या, रविवारी नवीन काही नको, फक्त उजळणी. दोनशेच्या आसपास जातात. प्रत्येक शब्द सुटा न लिहिता लहानशा वाक्यात लिहा, नाहीतर विशेषण नामाला जोडणारा ‘ङ’ किंवा ‘ना’ विसरतो. स्वरानंतर ङ : ‘मालाकिङ इस्दा’’ मोठा मासा. इतर व्यंजनांनंतर ‘ना’ : ‘माइनित ना तूबिग’ गरम पाणी. शब्द ‘न’ने संपला तर त्याच ‘न’चा ङ होतो.

शेवटी एक खबरदारी. फिलिपिनो ही 1987 च्या संविधानानुसार त्यांची राष्ट्रभाषा असली तरी तिचा पाया तगालोग ही तिथली एक भाषा आहे, आणि बोटीवरचे बरेच जण घरी इलोंगो किंवा सेबुआनो या तिथल्याच वेगळ्या भाषा बोलतात. तगालोगमध्ये ‘लाङगाम’ म्हणजे मुंगी, सेबुआनोत पक्षी. म्हणून पहिल्याच दिवशी आपण कोकणात विचारतो तसं गाव विचारा : ‘तागा-साआन का?’ उत्तर इलोइलो (इलोंगो बोलणारा भाग) आलं तर आभार मानताना ‘मादामो गिद ङा सालामात’ म्हणा, सेबू आलं तर ‘दागहाङ सालामात’.