स्टेशनपासून चालत बारा मिनिटे: इंग्लंडमधील काही गावे, पायी

‘स्टेशनपासून चालत बारा मिनिटे’ हे हॉटेलच्या माहितीतले वाक्य प्रमाण मानून आम्ही मिल्टन कीन्सचा मुक्काम ठरवला, आणि ती बारा मिनिटे सरायला आम्हाला एक तास दहा मिनिटे लागली. ऑक्टोबरातला शेवटचा रविवार होता. त्याच पहाटे ब्रिटनमधली घड्याळे एक तास मागे गेली होती, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्यामुळे पावणेपाचच्या आतबाहेरच सूर्य मावळणार, हे स्टेशनाबाहेरच्या काळोखात पावणेसहाला उभे राहिल्यावर लक्षात आले. रुळांच्या दुरुस्तीमुळे गाडी उशिरा पोहोचली होती. रविवारी इंग्लंडमध्ये असे वारंवार होते, आणि कधीकधी गाडीऐवजी चक्क बसमध्ये बसवतात, म्हणून गाव बदलण्यासाठी रविवार कधीही धरू नये.

आम्ही दोघेही साठीच्या उंबरठ्यावरचे, पण दर आठवड्याला सिंहगड चढणारे. पाठीवर प्रत्येकी आठ किलो, पायात भिजून चालतील असे बूट आणि अंगात पावसाळी जाकीट, एवढी तयारी होती. ज्यांना एवढे जमते त्यांच्यासाठी हा वृत्तांत आहे. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा ओढणाऱ्यांनी यातले मिल्टन कीन्स वगळावे आणि पुढे वाचावे.

मिल्टन कीन्सची घोषणा १९६७ साली नवे नगर म्हणून झाली आणि शहराचा दर्जा त्याला २०२२ मध्ये मिळाला. साधारण किलोमीटरभराच्या अंतराने उभे आणि आडवे हमरस्ते, त्यांच्या चौकटींत एकेक वस्ती, आणि रस्ते एकमेकांना छेदतात तेथे बहुतेक ठिकाणी गोल चौक, अशी त्याची आखणी आहे. उभ्या रस्त्यांना व्ही आणि आडव्यांना एच ही अक्षरे व क्रमांक दिलेले आहेत. एक खूण उपयोगी पडते: नावाच्या शेवटी ‘स्ट्रीट’ असेल तर रस्ता उभा, ‘वे’ असेल तर आडवा. ही खूण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. या हमरस्त्यांवरून मोटारी ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपास जातात आणि त्यांच्या कडेला बहुतेक ठिकाणी फुटपाथच नाही, कारण पायी जाणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी ‘रेडवे’ नावाच्या लालसर डांबराच्या स्वतंत्र वाटा केलेल्या आहेत. कागदावर ही रचना इतकी शहाणी दिसते की मी निघण्यापूर्वी तिचे कौतुकही करून बसले होते.

प्रत्यक्षात काय होते, ते सांगते. स्टेशनासमोरचा चौक ओलांडून मोठ्या रस्त्याखालच्या भुयारी मार्गातून पलीकडे गेले की मिडसमर बुलेवार्ड लागते. हा रस्ता वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाच्या दिशेने आखलेला आहे. रविवारी संध्याकाळी पावसात त्या सूर्योदयाचा उपयोग शून्य. तेथपर्यंत दिवे होते, माणसे होती. आमचे हॉटेल मात्र एच-६ म्हणजे चाइल्ड्स वेच्या दक्षिणेला होते, म्हणून आम्ही रेडवे धरला, आणि घोळ तेथे सुरू झाला. ही वाट हमरस्त्याजवळ आली की खाली उतरते, पुलाखालून जाते, वळसा घेऊन वर येते आणि लगेच दोन-तीन फाट्यांत विभागते. हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंचवटे आणि दाट झाडी मुद्दाम लावलेली आहे, म्हणजे वस्तीला मोटारींचा आवाज जाऊ नये. त्यामुळे चालणाऱ्याला ना घर दिसते, ना दुकान, ना मनोरा. पुण्यात वाट चुकली तर पानाची टपरी तरी असते. येथे विचारायला कोणी भेटलेच नाही, भेटले ते दोन सायकलस्वार, आणि थांबवेपर्यंत तेही निघून गेले.

आम्ही तीनदा पुलाखालून गेलो आणि तिसऱ्यांदा ज्या पुलाखालून गेलो तो पहिलाच होता. भिंतीवरच्या त्याच निळ्या रंगाच्या फराट्यांवरून ह्यांनी तो ओळखला. फोनवरचा नकाशा पुलाखाली गेल्यावर बाण फिरवतो, वर आल्यावर तो पुन्हा फिरतो, आणि ओल्या बोटांनी पडदा सरकत नाही. अखेर एका बंद गल्लीत निघालो, तेथे कुत्र्याला फिरवणाऱ्या एका गृहस्थांनी शांतपणे सांगितले की हॉटेल आमच्या पाठीमागे आहे, झाडीपलीकडे, पण तेथून तिकडे जायला वाट नाही. मग टॅक्सी बोलावली. दीड किलोमीटरदेखील नसलेल्या अंतराचे चौदा पौंड झाले. पावसाळी रविवारच्या वाढीव दराने तेवढे होतात, असे चालकाने सांगितले. आम्ही दिले, पण ती लूट होती असेच माझे आजही मत आहे. चौदा पौंडांत दोघांचे पोटभर जेवण झाले असते. हॉटेलच्या काउंटरवर मी बारा मिनिटांचा विषय काढला, तेव्हा तेथील मुलीने निरागसपणे विचारले, ‘तुम्ही चालत आलात?’ बारा मिनिटांचा आकडा कोणी मोजला होता, हे तिलाही माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भेटलेल्या माझ्या मैत्रिणीच्या भाचीची बाजूही सांगायला हवी, कारण ती तेथे अकरा वर्षे राहते आणि गाव सोडायला तयार नाही. ‘मावशी, तुम्ही चालत का गेलात? त्या वाटेने रात्री आम्हीही जात नाही,’ असे म्हणून ती आधी हसली, आणि मग तिने जे दाखवले ते नाकारण्यासारखे नव्हते. तिची दोन्ही मुले एकही मोठा रस्ता न ओलांडता सायकलने शाळेत जातात. घरामागे तळे आहे, हंस आहेत, अंगणात मोटार उभी करायला जागा आहे, आणि कामावर जायला तिला वीस मिनिटे लागतात. दिवसाउजेडी तिच्याबरोबर तोच रेडवे चालले, तेव्हा काल जेथे रडकुंडीला आलो होतो ती जागा मला ओळखूसुद्धा आली नाही. मोटार असलेल्या, मुले लहान असलेल्या कुटुंबासाठी हे गाव उत्तम आहे. पाहुण्याने पायी फिरण्यासाठी ते वाईट आहे, आणि यात तडजोडीला जागा नाही.

या प्रवासात प्रत्येक ठिकाणी मी हाच एक प्रश्न घेऊन फिरले: स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस बाजारपेठेपर्यंत जमिनीवरून, उजेडातून आणि घरांच्या शेजारून जाऊ शकतो का? बऱ्याच गावांत याचे उत्तर १९६३ या एका वर्षापाशी येऊन थांबते. त्या वर्षी ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक लहान-मोठी स्टेशने बंद करण्याची शिफारस केली आणि त्याच वर्षी नगररचनाकार कॉलिन ब्यूकॅनन यांचा शहरांतील मोटारींविषयीचा अहवाल आला. मोटारीला मोकळे सोडले तर ती गावे गिळून टाकील, असा इशाराच त्यांनी दिला होता. पण पुढची दहा-पंधरा वर्षे अनेक नगरपालिकांनी त्यातले रुंद रस्ते तेवढे उचलले, आणि माणसांना जमिनीखाली धाडले.

कोव्हेन्ट्री हे याचे ठळक उदाहरण मानले जाते, म्हणून मी तेथे वाईट मनाने उतरले. गावाभोवती साडेतीन किलोमीटरांचा, बराचसा खांबांवर उचललेला रिंग रोड आहे. तो १९७४ मध्ये पुरा झाला. परंतु स्टेशनाकडच्या बाजूला त्यांनी अलीकडे रिंग रोडचा तुकडा झाकून वरून सपाट वाट केलेली आहे, आणि ग्रेफ्रायर्स ग्रीनच्या हिरवळीतून माणूस सरळ बाजारात पोहोचतो. आम्ही कॅथीड्रलपर्यंत वीस मिनिटांत, एकही पायरी न उतरता गेलो. १४ नोव्हेंबर १९४०च्या बॉम्बफेकीत जळालेल्या जुन्या कॅथीड्रलच्या भिंती तशाच उघड्या ठेवून शेजारी १९६२ साली नवे कॅथीड्रल उभे केलेले आहे. दोन्ही पाहायला अर्धा दिवस द्या. मात्र स्पॉन स्ट्रीटवरची जुनी लाकडी चौकटीची घरे पाहून उत्साहाच्या भरात तसेच पश्चिमेकडे चालत राहू नका. ती जुनी गल्ली रिंग रोडने मधोमध तोडलेली आहे आणि पुढे तेच कोंदट भुयारी मार्ग आहेत. एका रस्त्याने दोन बाजूंना दोन वेगळी गावे कशी केली आहेत, ते येथे अर्ध्या तासात समजते. राहायचे असेल तर रिंग रोडच्या आत किंवा स्टेशनाच्या बाजूला राहा.

श्रूजबरीविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण तेथे आमचे काहीच बिघडले नाही. सेव्हर्न नदीने गावाला जवळजवळ पूर्ण विळखा घातलेला आहे, आणि रुंद रस्ता काढायला जागाच नसल्यामुळे जुने गाव वाचले असावे. स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, चढ चढून गेले की चार्ल्स डार्विनचा पुतळा (त्यांचा जन्म याच गावी १८०९ मध्ये झाला), आणि दहा मिनिटांत चौक. दोन घरांमधल्या बोळांना तेथे ‘शट’ म्हणतात. त्यांतून मनसोक्त भटकावे, वाट चुकली तरी नदी लागते. मंडईत जेवायचे असेल तर रविवार-सोमवार टाळा. पुराच्या दिवसांत नदीकाठचे स्वस्त हॉटेल घेऊ नका. लडलो हे गाव तेथून गाडीने अर्ध्या तासावर आहे, सुंदर आहे, एका दिवसात पाहून होते.

यापुढची तक्रार कोणत्याही एका गावाची नाही. संध्याकाळी साडेपाचला दुकाने बंद होतात आणि त्यानंतर गावाचा मध्य ओस पडतो. मोठ्या दुकानांना तर रविवारी कायद्याने सहाच तास उघडता येते. पूर्वी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स या पेठांचा आधार होती. २०२१ मध्ये डेबनम्सची उरलेली दुकाने बंद झाली, २०२३ मध्ये घरगुती वस्तूंच्या दुकानांची विल्को ही साखळी बुडाली, आणि ते गाळे अनेक ठिकाणी अजून पाट्या लावून रिकामे आहेत. आपल्याकडे पेठेत दुकानावर कुटुंब राहते, म्हणून रात्री नऊलाही खिडकीत दिवा असतो. जेथे दुकानांच्या वरच्या मजल्यावर पडदे आणि कुंड्या दिसल्या, तेथे संध्याकाळीही आम्हाला बरे वाटले. जेथे वर धुळीने माखलेल्या काचा होत्या, तेथून लवकर काढता पाय घेतला. स्वच्छतागृहांचेही आधी पाहून ठेवा. ती पुरवण्याची सक्ती तेथील नगरपालिकांवर नाही, आणि अनेकांनी खर्च वाचवण्यासाठी ती बंद केली आहेत. वाचनालय, मोठे सुपरमार्केट आणि फुकट वस्तुसंग्रहालय ही तीन ठिकाणे नकाशावर आधीच खूण करून ठेवावीत. संकोच करू नये.

शेवटी यॉर्क. श्रूजबरीहून मँचेस्टरला गाडी बदलून आम्ही दुपारी पोहोचलो, स्टेशनाबाहेरचा रस्ता ओलांडला आणि समोर गावाचा जुना तटच होता. पायऱ्या चढून आम्ही पाठीवरच्या पिशव्यांसकट तटावरूनच चालायला लागलो, लेंडल पुलाकडे वळताना समोर मिन्स्टरचे, म्हणजे तेथल्या भव्य कॅथीड्रलचे, मनोरे आले, आणि ह्यांनी आठवड्यात पहिल्यांदा स्वतःहून फोटो काढला. मी आनंदाच्या भरात लिहीत आहे हे मला कळते, तरीही सांगते: पायी जाणाऱ्याचे इतके चांगले स्वागत मी इंग्लंडमध्ये दुसरीकडे पाहिले नाही. १८०० साली नगरपालिकेनेच हा तट पाडण्याची परवानगी मागितली होती, आणि १९७०च्या दशकात गावाच्या पोटातून नवा रिंग रोड काढण्याची योजना होती. दोन्ही वेळा लोकांनी विरोध केला आणि दोन्ही बेत फसले. तटाचा फेरा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा आहे, मध्ये तो तुटलेला आहे, आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडा नाही, पावसात दगड घसरतात आणि अंधार पडण्याआधी दारे बंद होतात. तेव्हा तो सकाळीच करावा. शँबल्स ही प्रसिद्ध गल्ली सकाळी नऊच्या आत पाहावी. अकरानंतर तेथे फक्त इतरांच्या पाठी दिसतात. शनिवारी रात्री मिकलगेटच्या आसपास खोली घेऊ नका. लग्नाआधीच्या मेजवानीला आलेली टोळकी पहाटेपर्यंत गात असतात, आणि गाणे चांगले नसते.

पैशांचे थोडक्यात सांगते. दोघे एकत्र हिंडणार असाल तर जोडीचे रेलकार्ड पहिल्याच दिवशी काढा. त्याने भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीपुरतेच असते. घाईने आधीच्या गाडीत चढलात तर भुर्दंड बसतो. इंग्लंडमध्ये बहुतेक बसगाड्यांचे एका फेरीचे भाडे जास्तीत जास्त तीन पौंड आहे, म्हणजे आमची चौदा पौंडांची टॅक्सी बसने दोघांना फार तर सहा पौंडांत पडली असती, जर रविवारी त्या वेळी त्या बाजूला जाणारी बस असती तर. आणि हॉटेल घेण्यापूर्वी त्यांना चालण्याची मिनिटे विचारू नका. स्टेशनापासून दारापर्यंत सलग फुटपाथ आहे का आणि वाटेत किती भुयारी मार्ग आहेत, एवढे दोन प्रश्न लेखी विचारा. यॉर्कच्या हॉटेलला मी ते विचारले होते. एका ओळीचे उत्तर आले: फुटपाथ आहे, भुयार एकही नाही, पण फरसबंदी खडबडीत आहे, बॅगेची चाके सांभाळा.