मँचेस्टरचा गॉर्टन मठ: निघण्यापूर्वी हे वाचा

गॉर्टनचा मठ पाहण्यासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्या खेपेस, शनिवारी, आत लग्न होते आणि दारातूनच परतावे लागले. 'सर्वांसाठी खुले' एवढेच वाचून मी निघालो होतो. ही वास्तू समारंभांसाठी भाड्याने दिली जाते, तेव्हा त्या दिवसाची वेळ तपासल्याशिवाय जाऊच नका. पिकॅडिली स्थानकापासून जेमतेम तीन किलोमीटरसाठी टॅक्सीवाल्याने १८ पौंड घेतले, याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या खेपेस मी अ‍ॅशबरीज स्थानकावरून चालत गेलो. पॉटरी लेनचा तो भरधाव वाहनांचा, रुक्ष तुकडा पावसात नकोसा होतो, तरीही चालतच जा.

१८६१ मध्ये येथे आलेल्या फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या ख्रिस्ती पंथातील, साधूंसाठी वास्तुरचनाकार एडवर्ड वेल्बी प्यूजिन यांनी मठाचे हे चर्च आखले, आणि १८६६ ते १८७२ या काळात ते उभे राहिले. बांधकामात साधूंनी स्वतः अंगमेहनत केली. लाल विटांमधून फिकट दगडाचे पट्टे फिरवलेले आहेत, दर्शनी भिंतीवर क्रूसावरचा येशू आहे आणि त्याच्याही वर घंटेचे टोकदार शिखर. विटेसारख्या साध्या वस्तूतून एवढा भव्यपणा साधलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आत गेल्यावर लगेच वेदीकडे जाऊ नका. मागेच थांबून सडपातळ खांबांवरून नजर सावकाश वर न्या, म्हणजे कमानींच्या मधोमध उभे असलेले बारा संत दिसतील. १९८९ मध्ये साधू निघून गेले, सदनिकांची योजना बुडाली, वास्तूची लूट झाली आणि १९९४ मध्ये हेच संत बागेतील शोभेच्या वस्तू म्हणून लिलावात निघाले होते. मँचेस्टरच्या नगरपालिकेने ते वाचवले. पुढे एका विश्वस्त संस्थेने ही पडकी वास्तू एका पौंडाला घेतली आणि २००७ मध्ये ती पुन्हा उघडली. ज्या जागांवरून त्या मूर्ती उतरवल्या होत्या, तिथेच त्यांना परत उभे पाहून माझा दोन दिवसांचा शीण उतरला.

शहरातले बाकीचे दिवस सुखाचे गेले, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मठासाठी मात्र अर्धा दिवस राखा आणि दुर्बीण न विसरता न्या. माझ्याकडे ती नव्हती, आणि वेदीजवळच्या संताच्या हातात काय आहे ते मान दुखेपर्यंत पाहूनही मला कळले नाही.