नुसतं डीएनडी पुरत नाही, तक्रारही नीट लिहावी लागते

“डीएनडी कधीच केलंय, तरी फोन येतातच,” हे घरोघरी ऐकू येतं. डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) म्हणजे जाहिरातींचे फोन-संदेश नकोत अशी आपल्या क्रमांकाची नोंदणी. डीएनडीची यादी पाळतो तो नोंदणीकृत टेलिमार्केटर, म्हणजे १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून जाहिरात करणारा. ऐन जेवणाच्या वेळी साध्या दहा आकडी मोबाइलवरून “सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे” म्हणणारा त्या यादीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला आवरायला तक्रारच हवी.

तरी नोंदणी आधी उरकून घ्या. इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून एक जागा सोडायची, पुढे शून्य टाकायचं आणि १९०९ ला पाठवायचं. सगळ्या जाहिराती बंद. शून्याऐवजी जाहिरातींचा एकेक प्रकारही निवडता येतो: १ म्हणजे बँक-विमा-कर्ज, २ म्हणजे घरं-जमिनी, ३ शिक्षण, ४ आरोग्य. असं ८ पर्यंत जातं. निवडत बसण्यात अर्थ नाही, शून्यच टाका. ओटीपी आणि खात्याचे व्यवहाराचे संदेश यानं अडत नाहीत. नोंदणी क्रमांकाची होते, घराची नाही, त्यामुळे आई-बाबांचे मोबाइल वेगळे करावे लागतात. फायबरसोबत मिळालेला लँडलाइन बहुतेक जण विसरतात. त्याच्यावरूनच १९०९ फिरवायचा.

आता तक्रार. फोन आला की लगेच आपटू नका. “कुठून बोलताय, कशाबद्दल?” एवढं विचारा, उत्तर ऐका आणि मग ठेवा. स्वतःचं नाव, बँक, पगार यातलं काहीही सांगायचं नाही. मग १९०९ ला संदेश: काय विकत होते ते एका ओळीत, स्वल्पविराम, फोन करणाऱ्याचा क्रमांक, स्वल्पविराम, तारीख (दिवस/महिना/वर्ष). ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून पाठवायचं. दोन सिमच्या फोनमध्ये हमखास इथेच घोळ होतो: संदेश दुसऱ्या सिमवरून जातो आणि मोबाइल कंपनीच्या नोंदीत असा कॉल सापडतच नाही. नुसतं ‘स्पॅम कॉल’ लिहिलेली तक्रारही लंगडी पडते. ‘पर्सनल लोनची जाहिरात’ असं लिहा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपमधूनही हे करता येतं, तिथे क्रमांक कॉलच्या यादीतूनच उचलता येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम बदलले, ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. फोन आल्यावर तक्रार करायची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली. बिननोंदणीच्या क्रमांकाविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी कारवाईची प्रक्रिया सुरू होते. पूर्वी ७ दिवसांत १० लागत. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा सापडला तर वर्षभरासाठी सगळी कनेक्शन्स जातात. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर त्या नंबरला शिव्या घालण्यापेक्षा ज्यांना ज्यांना तो फोन आला त्यांनी आपापली तक्रार टाकावी. पाच घरं पुरतात.

काही फोन मात्र आपणच बोलावलेले असतात. फ्लॅट शोधायला किंवा विम्याचा हप्ता बघायला एखाद्या साइटवर नंबर टाकला की खाली बारीक अक्षरांत ओळ असते: डीएनडीत असलो तरी मला संपर्क करण्यास माझी संमती आहे. पुष्कळदा ती खूण आधीच केलेली असते. ती काढली नाही तर तक्रारीला ‘ग्राहकाची संमती आहे’ हे उत्तर तयार असतं. तीच गोष्ट मॉलमधल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीची.

फोनच्या सेटिंगमध्ये आरंभीच्या आकड्यांवरून ब्लॉक करायची सोय असेल तर १४० खुशाल टाका. १६०० मात्र टाकू नका; बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलसाठी ती मालिका आहे, आणि कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला तर फोन तिथूनच येऊ शकतो. एकेक दहा आकडी क्रमांक ब्लॉक करत बसणं मात्र वेळ घालवणं आहे. उद्या त्याच कंपनीचा दुसरा नंबर येतो. रेकॉर्ड केलेला आवाज “नको असल्यास ९ दाबा” म्हणाला तर दाबू नका. या नंबरवर माणूस आहे, एवढंच त्यातून पलीकडे कळतं.

केवायसी संपलं, वीज तोडू, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले असल्या धमक्या म्हणजे टेलिमार्केटिंग नव्हे, फसवणूक. ती १९०९ ला नाही, ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवायची. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा, तेही लगोलग, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते.