फिल्म कॅमेरा घेताय? ऑटो एक्स्पोजरला उगाच नावं ठेवू नका

फिल्म सुरू करायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेलाच असतो, फुल मॅन्युअल घे (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक आणि शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, दोन्ही हाताने लावायचं), पेंटॅक्स के१००० घे, नाहीतर काही शिकणार नाहीस. मला हे अजिबात पटत नाही. के१००० मस्तच कॅमेरा आहे, पण मॅन्युअलमध्येही बहुतेक जण आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मधे येईपर्यंत रिंग फिरवतात आणि क्लिक करतात. म्हणजे निर्णय मीटरचाच, फक्त हात आपला, मग तेच काम कॅमेऱ्याने पटकन केलं, म्हणजे ऑटो एक्स्पोजर, तर बिघडलं कुठे?

वारीचंच घ्या ना. दिवे घाटात आषाढातलं आभाळ, आत्ता ढग, लगेच ऊन, परत ढग, आणि समोरून पालखीबरोबर माणसांचा लोंढा चालत येतोय. तिथे शटर स्पीड जुळवत बसलात तर तो चेहरा गेला पुढे. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवायचं, स्पीड कॅमेऱ्याने) ॲपर्चर एफ/८ ला लावून ठेवलं की उजेडाप्रमाणे स्पीड कॅमेरा बघतो आणि आपलं सगळं लक्ष माणसांवर राहतं, हा फायदा मला बाकी सगळ्यापेक्षा मोठा वाटतो. फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये स्पीड १/६० च्या खाली जातोय का एवढं बघत राहायचं, नाहीतर चालणारी माणसं फोटोत हललेली, अस्पष्ट येतात.

आता गंमत अशी की ऑटो जिथे चुकतं तेही इथेच दिसतं. मीटरला समोर वारकरी आहे की भिंत हे कळत नाही, तो सगळ्याला मध्यम करडं धरून हिशोब करतो. फ्रेमभर पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या आल्या की त्याला वाटतं फार उजेड आहे, तो एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धुक्याचंही तेच, पांढरं धुकं मळकट येतं. काळ्या दगडाच्या देवळात बरोबर उलटं, दगड राखाडी होतो. म्हणून पांढरं जास्त असेल तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवायचा, काळं जास्त असेल तर एक कमी करायचा. कलर निगेटिव्ह दोनेक स्टॉप ओव्हर सहज झेलते, अंडर मात्र नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. स्लाइड फिल्म (निगेटिव्ह नाही, थेट खऱ्या रंगातलं चित्र देणारी) असेल तर अर्धा स्टॉपही जाणवतो, तिथे मी एकट्या ऑटोवर विसंबत नाही.

त्यामुळे मी तर म्हणेन ऑटोच घ्या, पण त्याला अडवता येईल असा घ्या. कॅनन एई-१ (१९७६) सगळ्यांना हवा असतो, दिसतोही देखणा, पण तो शटर प्रायॉरिटी (स्पीड आपण लावायचा, ॲपर्चर कॅमेरा), त्यात कंपेन्सेशनची, म्हणजे ऑटोचा हिशोब वर-खाली करायची डायल नाही, एई लॉक, म्हणजे मोजलेलं एक्स्पोजर धरून ठेवायची सोय नाही, बॅकलाइटचं एक बटण आहे ते दीड स्टॉप वाढवतं, तेवढंच. त्याऐवजी निकॉन एफई (१९७८) बघा. दोन स्टॉप वर-खाली कंपेन्सेशन आहे, आणि सेल्फ टायमरची दांडी लेन्सकडे दाबली की एक्स्पोजर लॉक होतं, म्हणजे चेहऱ्यावर मीटर करा, दाबून ठेवा, फ्रेम लावा, क्लिक. मीटरचा साठ टक्के भर मधल्या वर्तुळावर असतो त्यामुळे हे छान जमतं. शिवाय मॅन्युअलही आहेच, शिकायचं असेल तर कोण अडवतंय.

बॅटरीचा मुद्दा मात्र खरा आहे. एई-१ ची बॅटरी संपली की शटरच पडत नाही. एफई निदान १/९० वर आणि बी वर (बटण दाबलंय तोवर शटर उघडं) चालतो, आणि त्याला लागणारे एलआर४४ सेल घड्याळवाल्याकडेही मिळतात. ऑलिंपस ट्रिप ३५ ला तर बॅटरीच नाही, सेलेनियम सेलवर चालतो, उजेड कमी असला की लाल पट्टी दाखवून क्लिकच करू देत नाही.

बॅटरीपेक्षा मला जास्त काळजी आतल्या सर्किटची वाटते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं इलेक्ट्रॉनिक्स, त्यात आपल्याकडचा दमटपणा, आणि एकदा सर्किट गेलं की दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढलेला पार्ट. ट्रेकला आठवडाभर जाणार असाल तर निकॉन एफएम२ सारखा मेकॅनिकल, बॅटरीशिवाय शटर चालणारा कॅमेरा नेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

सेकंडहँड ॲपर्चर प्रायॉरिटीवाला घेताना दुकानातच एक करा. नवे सेल टाका, मागचं झाकण बंद करून फोटो मोजणारा काउंटर एकच्या पुढे न्या, ऑटोवर ठेवा, एकदा खिडकीकडे धरून क्लिक करा आणि एकदा टेबलाखालच्या अंधाराकडे. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहायला हवं, त्यामुळे दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर पैसे देऊ नका.