ब्लू-रे टिकेल, व्हीसीडीचे काय?

२०२५च्या फेब्रुवारीत सोनीने घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीनंतर आलेल्या, अधिक माहिती मावणाऱ्या) डिस्कचे, आणि त्यांच्याबरोबर मिनीडिस्क व मिनीडीव्ही कॅसेट यांचेही उत्पादन थांबवले, तेव्हा माझ्या ओळखीच्या चित्रपटवेड्या मंडळींत ‘ब्लू-रे संपली’ अशी हळहळ सुरू झाली. ती अर्धीच रास्त होती. कोरी डिस्क वेगळी आणि कारखान्यातून चित्रपट छापून येणारी डिस्क वेगळी. दोहोंचे तंत्र वेगळे, गिऱ्हाईक वेगळे आणि बंद पडण्याची कारणेही वेगळी. छापील ब्लू-रे आणि तिच्यानंतर आलेली, अधिक बारीक तपशील दाखवणारी ४के ब्लू-रे आजही निघत आहेत. कोऱ्या ब्लू-रेचा धंदा मात्र पॅनासॉनिकने २०२३मध्येच आवरला होता, आणि सोनीचा निर्णय हा त्याचाच पुढचा टप्पा होता. गोव्यात बसून पाहिले तर ही दुसरी, कमी गाजलेली बाजूच आपल्याला अधिक जवळची आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी छापील डिस्कचे भवितव्य पाहू.

उतरतीची लक्षणे लपलेली नाहीत. चोखंदळ रसिकांसाठी प्लेअर बनवणाऱ्या ओप्पो डिजिटलने २०१८मध्ये आणि अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणे सॅमसंगने २०१९मध्ये थांबवले. १९९८पासून टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचे पाकीट रवाना केले, आणि बेस्ट बाय या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने २०२४मध्ये चित्रपटांच्या डिस्क विकणे सोडून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्कची खाच नाही. ड्राइव्ह हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यावा लागतो. हे शेवटचे मला सर्वांत बोलके वाटते, कारण २०००मध्ये प्लेस्टेशन २ने डीव्हीडी आणि २००६मध्ये प्लेस्टेशन ३ने ब्लू-रे लाखो घरांत नेली होती. ज्यांनी खेळांसाठी यंत्र घेतले, त्यांच्या घरी चित्रपटांचा प्लेअर आपोआप आला. तो रस्ता आता बंद होत चालला आहे.

तरीही एखादे माध्यम नक्की कधी संपते, याचा हिशेब मी दुकानांवरून करत नाही. व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेट १९७६मध्ये आली. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी तिच्यावर नवे चित्रपट देणे २००६च्या सुमारास थांबवले. पण व्हीसीआर, म्हणजे ती कॅसेट चालवणारे यंत्र, बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी २०१६पर्यंत तग धरून होती. लेझरडिस्क या डीव्हीडीआधीच्या मोठ्या तबकडीचीही कथा तशीच आहे: नवे चित्रपट २००० ते २००१च्या आसपास थांबले आणि पायोनियरने प्लेअरचे उत्पादन २००९मध्ये बंद केले. म्हणजे शेवटचा चित्रपट आणि शेवटचे यंत्र यांच्यामध्ये आठ-दहा वर्षांचे अंतर पडते. ब्लू-रेवर नवे चित्रपट अजून येत असल्यामुळे ही घटका तिच्यासाठी सुरूच झालेली नाही. माझा अंदाज असा की संग्राहकांसाठी महागडी, कमी प्रतींची वस्तू म्हणून ती आणखी दहा-पंधरा वर्षे सहज काढील, आणि तिचे प्लेअर त्याहून थोडे अधिक.

या अंदाजामागे आणखी एक कारण आहे. १९८२च्या ऑडिओ सीडीपासून आजच्या ४के डिस्कपर्यंत तबकडीचा व्यास १२० मिलिमीटरच राहिला आहे. बदलला तो लेझर: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५०चा आणि ब्लू-रेसाठी ४०५चा. तरंगलांबी जितकी आखूड तितके खड्डे बारीक कोरता येतात, म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात तर ब्लू-रेच्या एका थरात २५. आकार तोच असल्यामुळे प्लेअरच्या डिस्क वाचणाऱ्या एकाच भागात हे वेगवेगळे लेझर बसवता आले, आणि १९९६मध्ये जपानात आलेली डीव्हीडी आज विकत घेतलेल्या ४के प्लेअरमध्येही निमूटपणे चालते. व्हीएचएसच्या नशिबी असा वारस नव्हता.

प्रतीच्या दर्जाचा मुद्दा मी लांबवत नाही. ज्यांना फरक दिसतो त्यांना तो सांगावा लागत नाही. ४के डिस्कवर दर सेकंदाला १०० मेगाबिटहून अधिक वेगाने माहिती वाचता येते, ऑनलाइन ४के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवले जाते. अंधाऱ्या दृश्यांत तो फरक भिंतीवरच्या ओलीसारखा उमटतो. मालकीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२३च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले होते, की त्यांनी पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढले जातील. गदारोळ झाल्यावर निर्णय मागे घेतला गेला, पण मालकीची दोरी कोणाच्या हातात आहे ते सर्वांना दिसले. अर्थात डिस्कवाल्यांनीही फार फुशारक्या मारू नयेत. संगणकावर ४के ब्लू-रे अधिकृतपणे पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षा सोय आवश्यक होती, आणि इंटेलने ती अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली. डिस्क हातात, ड्राइव्ह जागेवर, आणि नवा संगणक मात्र नकार देतो. (पावसाळ्यात गोव्यात इंटरनेट तुटते म्हणून डिस्क बरी, असे आमचे एक स्नेही नेहमी सांगतात. इंटरनेटच्या आधी वीज जाते, हे ते सोयीस्करपणे विसरतात.)

आता आपल्या कपाटांकडे येऊ. भारतात ब्लू-रे कधी घरोघरी पोचलीच नाही. येथे राज्य केले ते व्हीसीडीने, म्हणजे चित्रपट भरलेल्या साध्या सीडीने, आणि नंतर डीव्हीडीने. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा नकली प्रती विकणाऱ्यांनाही भाव उतरवावे लागले. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि २०१८मध्ये अवसायनाचा, म्हणजे ती गुंडाळण्याचा, आदेश झाला. त्या स्वस्त डिस्कवरचे हिंदी आणि मराठी चित्रपट मात्र कुठे ना कुठे शिल्लक आहेत: स्टुडिओकडे, दूरचित्रवाणीकडे, नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे. त्यांची काळजी मला वाटत नाही.

काळजी वाटते ती येथे, आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेल्या डिस्कची. २०००नंतरच्या दशकात गोव्यात तियात्रांच्या, म्हणजे कोकणी संगीतप्रधान नाटकांच्या, व्हीसीडी निघाल्या, केवळ व्हीसीडीसाठी म्हणून कोकणी चित्रपट बनले, आणि मडगाव, म्हापसा, पणजी येथील दुकानांतून विकत घेतलेल्या त्या प्रती आखातात आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या गोवेकरांपर्यंत पोचल्या. त्यांची पडद्यावर दाखवण्याजोगी रीळ नव्हती. व्हीसीडी हीच त्यांची पहिली आणि शेवटची आवृत्ती. मराठी बाजू त्याहून विखुरलेली. फोंडा तालुक्यातील देवळांच्या जत्रेतील नाटके, कला अकादमीच्या स्पर्धेतील प्रयोग, भजनाच्या बैठका, गावच्या हौशी मंडळाचे संगीत नाटक हे सारे कोणीतरी मिनीडीव्ही कॅमेऱ्याने टिपले, संगणकावर जुजबी संकलन केले आणि कोऱ्या डीव्हीडीवर उतरवून कलाकारांना एकेक प्रत वाटली. कॅसेट पुन्हा वापरली गेली किंवा हरवली. नाटकाची ती एकच संध्याकाळ त्या जांभळट झाक असलेल्या डिस्कवर उरली आहे. अशा एका मंडळाच्या दिग्दर्शकांना मी विचारले, तर ते म्हणाले, “अहो, सीडी घरात आहेत सगळ्या, पण लावायच्या कशावर? प्लेअर पोरांनी कधीच भंगारात दिला.”

जांभळट झाकेला अर्थ आहे. छापील डिस्कमध्ये माहिती पॉलिकार्बोनेटवर ठशाने उमटवलेली असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा परावर्तक थर असतो. त्यामुळे ती बिघडली तरी सहसा धातू गंजल्यामुळे किंवा दोन थरांमधील गोंद सुटल्यामुळे बिघडते. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये ठसा नसतोच. सेंद्रिय रंगाच्या थरावर लेझरने भाजून खुणा केलेल्या असतात, आणि तो रंग ऊन, उष्णता व दमटपणा यांच्यापुढे हळूहळू हार मानतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेने २००३मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार डिस्क ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवाव्यात. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते आणि कपाटातील चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरशी धरते. बुरशीची भीती केवळ वेष्टनापुरती नाही: २००१मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी बेलीझ या उष्ण, दमट देशातून आलेल्या एका सीडीतील ॲल्युमिनियम व पॉलिकार्बोनेट बुरशीने कुरतडल्याचे नोंदवले होते. असे क्वचित घडते. पण बेलीझची हवा आपल्याला परकी नाही.

व्हीसीडीचा आणखी एक जन्मजात दोष आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. संगणकाच्या सीडीवर प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली बरीचशी जागा चूक सुधारणाऱ्या जादा संकेतांसाठी राखलेली असते. ७४ मिनिटांचे चित्र एका डिस्कवर बसावे म्हणून १९९३मध्ये व्हीसीडी ठरवणाऱ्यांनी हे संकेत वगळून प्रत्येक खंडात २३२४ बाइट भरले. चित्रात एखादा ठिपका चुकला तर प्रेक्षकाला चालते, हा त्यांचा हिशेब नव्या डिस्कपुरता बरोबर होता. वीस वर्षांनी ओरखडे पडलेल्या डिस्कवर तोच हिशेब चौकोनांच्या रूपाने अंगावर येतो, आणि ऐन नाट्यपदाच्या मध्यावर गायक गोठून उभा राहतो. त्यात सगळेच नवे प्लेअर व्हीसीडी ओळखतात असे नाही. सुसंगततेचा जो लाभ डीव्हीडीला मिळाला, तो व्हीसीडीला नेहमी मिळेल असे धरून चालता येत नाही.

या डिस्क जपण्याचे काम ग्रंथालयांनी करावे, असे सहज सुचवले जाते. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चे आहे आणि छापील शब्दांची राखण त्याने उत्तम केली आहे. पण १९५४च्या ज्या कायद्याने प्रकाशकांना ठरावीक ग्रंथालयांत प्रती द्याव्या लागतात, तो पुस्तके आणि नियतकालिकांपुरता आहे. डिस्क जमा करण्याचे बंधन त्यात नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२मध्ये २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा मिळाली, परंतु अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असावी. कागद आणि चित्रपटाचे रीळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही अट व्हीसीडीपाशी येऊन अडते, कारण व्हीसीडी मुळातच डिजिटल आहे. मी वकील नाही. पण कलमाचे शब्द वाचल्यावर दुसरा अर्थ मला लावता आला नाही. शिवाय चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे २००५मध्ये निघालेली कोकणी व्हीसीडी २०६५ संपेपर्यंत कोणीतरी निर्मात्याच्या मालकीची राहील. तोवर तिची एकही प्रत वाचता येईल, यावर मी पैज लावणार नाही. सध्या एकच सरळ मार्ग उरतो: निर्माते आणि मंडळाचे पदाधिकारी हयात व ओळखीचे असताना त्यांची लेखी संमती घेणे. त्यांतील बरेचजण परदेशी आहेत, काही निवर्तले आहेत आणि वारसांना आपल्याकडे असा हक्क आहे याची कल्पनाही नाही.

संमती मिळालेल्या डिस्क संगणकावर उतरवून घेण्याचा क्रम मी वयावरून लावत नाही, प्रकारावरून लावतो. आधी घरी लिहिलेल्या डीव्हीडी, कारण त्यांचा रंग उतरत आहे, मग व्हीसीडी, छापील डीव्हीडी सर्वांत शेवटी. डीव्हीडीसाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. फाइल नुसती ओढून घेतली तर न वाचता येणाऱ्या पहिल्याच जागी संगणक हात टेकतो. हा प्रोग्राम तेवढी जागा सोडून पुढे जातो, नंतर मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतो, आणि अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे चालू ठेवता येते. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा बिनतक्रार वाचतो, असे वारंवार घडते. व्हीसीडीचे खंड निराळे असल्यामुळे तिच्यासाठी व्हीसीडीइमेजर या जुन्या प्रकल्पातील व्हीसीडीएक्सरिप वापरतो. यूएसबीवर चालणारे बाहेरचे ड्राइव्ह ऑनलाइन अजून मिळतात, आणि मी एक जास्तीचा घेऊन ठेवला आहे. जुन्या प्लेअरचा ट्रे उघडत नसेल तर तो भंगारात देण्याआधी आतला रबरी पट्टा पाहावा. आपल्या हवेत तो सैल पडतो किंवा चिकट होतो, आणि त्याच मापाचा दुसरा बसवला की पुष्कळदा यंत्र चालू लागते.

डिस्कवर चिकटवलेली कागदी लेबले सोलू नयेत, कारण सीडीत परावर्तक थर लेबलाच्या अगदी खाली असतो आणि कागदाबरोबर तोही निघून येतो. ब्लू-रेंना मी हात लावलेला नाही. त्यांच्यावरचा वरचा कठीण थर ओरखडे बऱ्यापैकी सोसतो, आणि त्यांच्यावर जे आहे ते माझ्याकडून नष्ट झाले तरी जगात इतरत्र राहणारच आहे.